पहिल्या दिवसाची टेप

३ मार्च

केंद्रप्रमुखांनी मीटिंग घेतली. पुढच्या महिन्यात आपलं प्रसारण केंद्र पन्नास वर्षांचं होतंय. फळ्यावर टप्पे लिहून झाले: पहिलं प्रक्षेपण, मैदानावरून पहिली कॉमेंट्री, मग टीव्ही, मग रंगीत टीव्ही. शेवटी माझ्याकडे वळून, "सुरुवात पहिल्या दिवसाच्या टेपने करू. काचेच्या कपाटातली. तुमच्याशिवाय तिला हात कोण लावणार!"

मी मान हलवली. टेपांच्या खोलीत तेहेतीस वर्षं मान हलवण्यातच गेली.

४ मार्च

गुडघे दुखतात. लिहायचं होतं ते लिहिलं नाहीच.

५ मार्च

लिहितो एकदाचं. त्या टेपवर काही नाही! सव्वीस वर्षांपूर्वी मीच पुसली.

टेपांचा दुष्काळ होता तेव्हा. एकेका टेपवर दहा-दहा वेळा रेकॉर्डिंग व्हायचं. डब्यावर लाल पट्टी असेल तर टेप ठेवायची, नसेल तर पुसायच्या मशीनवर चढवायची. आधी ऐकून बघायची पद्धत नव्हती. वेळ कोणाला होता! त्या दिवशी फुटबॉलच्या फायनलसाठी टेपा हव्या होत्या, वरून फोनवर फोन. हाताला लागेल ती डब्यातून काढून पुसत सुटलो. मग एक रिकामा केलेला डबा उलटा झाला. पाठीवर आमच्या निवेदिका बाईंच्या अक्षरात "पहिला दिवस". पट्टी डिंक वाळून गळून पडलेली, टेबलाखाली सापडली.

 कोरी टेप डब्यात घातली, पट्टी चिकटवली आणि तोंड शिवून बसलो. पुढे तोच डबा तेव्हाच्या साहेबांनी काचेत मांडला! शाळेची पोरं रांगेने बघून जातात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

९ मार्च

बाईंच्या मुलीचा फोन. बाई म्हणजे आपल्या पहिल्या निवेदिका, पहिल्या दिवशी माइकवर त्याच होत्या. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला तो गेलाच. आता पाटीवर लिहून बोलतात.

"काका, आईचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही हो. तेव्हा सगळं थेट जायचं ना. माझी लेक विचारते, आजी बोलायची कशी? समारंभाला दोघींना घेऊन येते, ती टेप ऐकायला."

"या ना, अवश्य या," म्हणालो. जीभ कशी झडली नाही!

१० मार्च

बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती, हात थांबला नाही. "दोन महिन्यांत रिटायर व्हाल. मशीन बिघडलं म्हणा नि मोकळे व्हा." दोन शर्ट झाल्यावर मग आपणहून — "पण त्या पोरीला काय सांगाल?"

मला काय ठाऊक! थकलो आहे. खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते.

१४ मार्च

केंद्रप्रमुखांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दोनदा परत आलो. शिपाई म्हणाला, "काही हरवलंय का?"

१७ मार्च

आज बाईंकडे गेलो. आधी त्यांना सांगायचं, मग केंद्रप्रमुखांना, असं ठरवूनच गेलो. मुलगी शेजारी होती. पट्टी, फायनल, कोरी टेप — सगळं ओकलो. मुलगी उठून खिडकीशी गेली. तिची पाठ बघवेना.

बाई ऐकत राहिल्या. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत — हसत होत्या! पाटीवर लिहिलं: "वेड्या, पहिल्या दिवशी रेकॉर्डिंगचं मशीन होतं कुठे? ते आलं दोन वर्षांनी. तेव्हा त्या दिवसाची आठवण म्हणून एका रिकाम्या डब्यावर मी लिहून ठेवलं. पट्टीही मीच लावली. आत काही नव्हतं."

मुलीसाठी वाईट वाटलंच. पण सव्वीस वर्षांचं ओझं! जिना कसा उतरलो कळलं नाही.

१८ मार्च

पण डब्यात टेप होती. मी स्वतः काढली. जपायची म्हणूनच कोणीतरी तिथे ठेवली असणार.

बाईंचा आवाज मी पुसला नाही. मग कोणाचा पुसला?