गेरूची सर्वांत वरची रेघ

सौभाग्यवती सुभद्रा खुशालराव बेलसरे यांस,

अनेक आशीर्वाद. (तू माझ्याआधी गेल्यामुळे आता वडीलकी कोणाकडे, आणि आशीर्वाद कोणी कोणास द्यावेत, याचा उलगडा झालेला नाही, तूर्त जुनीच पद्धत पाळतो. नावामागे ‘कैलासवासी’ लिहावे असे कन्या रागिणीने सुचवले होते. ते मी नामंजूर केले.) तुझे गुडघे आता दुखत नसावेत. माझा रक्तदाब ठीक आहे. रागिणी मला अमरावतीस अळणी वरण वाढते आणि वर प्रकृती कशी आहे असे विचारते.

पत्रास कारण, तुझ्या गेरूच्या रेघा. मळ्याच्या वस्तीतली आपली भाड्याची खोली मी तू गेल्यापासून अकरा महिने नुसतीच कुलूपबंद ठेवली होती. ती सोडावी आणि किल्ल्या घरमालकीण पार्बताबाईंना द्याव्यात म्हणून सोमवारी गेलो, तो अंगणात गावाकडची आणि वस्तीतली मंडळी उभी. नाल्यावर नवे बांधकाम व्हायचे आहे. गावाच्या रस्त्यावर उंच पूल मंजूर आहे. वस्तीच्या वाट्यास मात्र दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या रपट्याची, म्हणजे त्या बुटक्या फरशीपुलाची, डागडुजी, कारण वस्तीत कधी पूर आल्याची नोंदच दप्तरी नाही. पाणी मोजण्याची पट्टी गावाच्या काठावर आहे. वस्तीतले पाणी कोणी मोजावे? (तू मोजलेस, दर पुराला खोलीतल्या भिंतीवर गेरूची रेघ ओढून. मी भूगोलाचा पदवीधर. छत्तीस वर्षे मुलांना नद्या शिकवल्या आणि घरी तुला भिंत विद्रूप केल्याबद्दल बोललो.) शिवाय गावाचा रस्ता भराव घालून उंच केला आणि खाली पाणी जाण्यास मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर तुंबलेले पाणी वळून वस्तीतच शिरते. मागच्या श्रावणात बायका भाजीच्या टोपल्यांसह दोन दिवस वस्तीच्या काठावरच अडकल्या, आणि चंदाचे बाळंतपण रपट्याच्या तोंडाशी, बैलगाडीत झाले.

पाहणीस आलेली अभियंता आकांक्षा (मुलगी विनम्र आहे, बोलताना चष्मा पुसते) म्हणाली की जुन्या पुराची खूण आणि तिचे साल खात्रीने मिळाले, तर वस्तीलाही त्या उंचीचा पूल धरता येईल. पार्बताबाईंनी तत्काळ माझ्या हातातली किल्ली घेऊन दार उघडले.

रेघा स्वच्छ होत्या. परंतु तू सालाऐवजी प्रसंग लिहून ठेवले आहेस, आणि ही पद्धत माझ्याशी विचारविनिमय करून ठरलेली नव्हती. गुडघ्याएवढ्या रेघेवर ‘यांची छत्री गेली’. कमरेएवढ्या रेघेवर ‘यांचा पायजमा वाहून गेला’. ट्रंकेतून जुन्या रोजनिश्या काढून, माझ्याच माजी विद्यार्थ्यांसमोर उभे राहून, पायजम्याचे साल मला शपथपूर्वक सांगावे लागले. (तो दोरीवर वाळत होता, हा खुलासा मी तीनदा केला. कोणी ऐकला नाही.)

सर्वांत वरची रेघ देवाच्या कोनाड्याला टेकलेली. पूल तिच्यावरच ठरायचा. तेथे दोनच शब्द: ‘हे हसले’.

गावाकडचे देवराव (दहावी ‘ब’, सगळा खर्च गावाच्याच पुलावर व्हावा या मताचे) पुढे झाले. “म्याडम, हे रेघ खोटी हाय. आमी सरपाशी पाच वर्स शिकलो. सर हसलेच नाई.” यावर वस्तीतल्या मंडळींनीही माना डोलावल्या. पार्बताबाई तर म्हणाल्या, “खोटं कायले बोलू बापा, म्या बी नाई पाह्यलं.” रोजनिश्यांत ‘अतिवृष्टी’ हा शब्द चार वेगवेगळ्या वर्षी सापडला, हसण्याचा उल्लेख कोठेही नाही. (ती नोंदण्याजोगी बाब मला वाटली नव्हती.) आकांक्षाने वही मिटली.

मग त्या पुरात घडले ते सांगणे भागच पडले. मेजावर बाज आणि बाजेवर आपण, अशा स्थितीत बसलो असता एका पितळी परातीत उभा राहून एक कोंबडा दारातून संथपणे तरंगत आत आला, आणि तू पदर सावरून त्यास म्हणालीस, “या, बसा. चहा मांडला असता, पन चूल बुडाली.”

एवढे सांगून मी थांबणार होतो. पण सुभद्रा, मला हसू आले, आणि ते आवरेना. भिंतीला टेकून खाली बसावे लागले. डोळ्यांतून पाणी येऊ लागले. त्यातले कोणते कशाचे, हे वेगळे काढता येईना. लोक माझ्याकडे पाहत होते आणि एकेक करून तेही हसू लागले. आणि अचानक देवराव ओरडले, “थांबा! तुरा तुटलेला होता काय? माहाच कोंबडा तो!”

“अन् मले चावडीवर नेलतं रे कोंबडीचोर म्हनून!” पार्बताबाई कडाडल्या. “साल इचार म्याडम, मी तारखेसकट सांगतो.”

त्या भांडणाचे साल दोन्ही काठांवर प्रत्येकास पाठ निघाले. देवरावांनी टोपी काढली. “लिहा म्याडम. सर हसू शकते, त पानी बी आलंच असंन.” साक्षीदार म्हणून पहिली सही त्यांनीच केली. आता दोन्ही पूल आपापल्या पुराच्या वर, एकाच नियमाने, आणि गावाच्या रस्त्याखाली मोऱ्या, असा प्रस्ताव लिहिला गेला. वस्तीने मला झेंडूचा हार आणि सात वांगी दिली.

तुझा,
खुशालराव

ता. क. कोंबड्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. (रस्सा उत्तम झाला होता.) पार्बताबाईंची मनोमन क्षमा मागितली आहे. देवरावांकडे एक तुरेदार कोंबडा निनावी पाठवत आहे.

आणखी एक. मुख्य विषय राहिलाच. खोली सोडण्यास तुझी संमती हवी होती. हे पत्र त्याच बाजेवर बसून लिहिले. दोन तास वाट पाहिली. (तुझे गप्प राहणे म्हणजे होकार नसतो, हे मला ठाऊक आहे.) भिंतीला रंग लावणार नाही, असे पार्बताबाईंनी कबूल केले आहे. मग तुझा उरलेला गेरू कालवून मी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर एक रेघ ओढली आणि लिहिले: ‘पुन्हा हसलो. पाणी थोडेच.’

दुपारी चार वाजता दार कुलूपबंद केले. किल्ल्या पार्बताबाईंना परत दिल्या.