कोनाड्यातली हिरवी वाटी

७ जाने. १९५८
वसंता, काल रात्री काय जेवलास ते आठवतंय का? नाही ना? मग माझी रोजनिशी कशाला मागतोस बाबा. औरंगाबादेला कॉलेजात निघालास तेव्हा बजावून गेलास, "आजी, रोजचं रोज लिहून ठेव, सुट्टीत येऊन वाचतो." आजीला अक्षर येत नाही एवढंसुद्धा ध्यानात राहिलं नाही. तर आता मी बोलते अन् तुझी आई लिहिते. इंदूचं अक्षर बरं आहे. लिहिताना तोंड मात्र वाकडं करते. (हेही लिहिलं बघ तिनं.)

आज: तूर खळ्यात आली. तांबडी गाय आटली. बापू, तुझा बाप, जिंतूरला गेलाय. गावात म्युझियमचा कुणी साहेब उतरलाय म्हणे, देवडीतल्या, जागीरदाराच्या त्या वाड्यातल्या, जुन्या वस्तू हुडकायला. देवडीत आता वटवाघळं सोडली तर काय आहे? जागीर गेली, मालकीण बीसाहेब हैदराबादेला गेल्या, मागं जे राहिलं ते गावानं आपापल्या घरी नेलं.

८ जाने.
साहेब घरोघर फिरायलाय. गावाची हसून पुरेवाट. सिंहाच्या पायांची खुर्ची न्हाव्याच्या दुकानात निघाली. इतकी वर्षं सगळ्या गावानं तिच्यावर बसून दाढ्या केल्या. चांदीचं पानदान शेजारच्या सरूकडं, आत भोपळ्याचं बी. झुंबराचे लोलक बैलांच्या गळ्यात. साहेब म्हणे लोलक बघायला बैलाच्या गळ्याशी उकिडवा बसला, अन् मारका बैल, तोही गप उभा राहिला. चांगला माणूस असावा.

आपल्याकडं देवडीतली निळ्या फुलांची बरणी आहे लोणच्याची. इंदूला म्हटलं लपव. ती म्हणाली, "अन् लोणचं काय पदरात धरू?"

९ जाने.
आला. तरणाच आहे. बूट पायरीखाली काढून ठेवले. ओसरीवर सतरंजी टाकली होती, तिच्यावर बसला.

"बस बाबा. कुठला तू?"
"नांदेडकडचा, आजी."
"नाव काय?"
"कांबळे."

मग मी त्याला बाबा म्हटलं नाही. साहेबही म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. तो सतरंजीवरून हळूच कडेला सरकला.

बरणी बघितली. चांगली आहे म्हणाला, पण अशा बऱ्याच मिळाल्यात, लोणचं राहू द्या. चहा घेतला. पुढं जे झालं ते आज सांगवत नाही. इंदू, मिट ती वही.

१० जाने.
इंदू सकाळपासून बोलत नाही. आत्ता वही घेऊन बसली अन् म्हणाली, "आत्याबाई, कालचं सांगणार असाल तर लिहिते. नाहीतर भाकऱ्या पडल्यात."

सांगते.

त्यानं आडनाव सांगितलं तशी मी इंदूला डोळ्यानं खूण केली. चौकटीबाहेरच्या कोनाड्यात ती हिरवी वाटी असते ना, पालथी, वस्तीतली माणसं कामाला आली की त्यांना चहा द्यायची. इंदूनं ती फडक्यानं धरून त्याच्यापुढं ठेवली अन् वरून चहा ओतला. तो प्यायला. चांगला झालाय म्हणाला. मग उठला अन् वाटी घेऊन आपणहून लिंबाखालच्या दगडाशी गेला. बसला. हात पुढं केला.

कुणी सांगितलं नव्हतं रे त्याला. इतका शिकलेला, सरकारी माणूस. पण पाणी वरून पडणार हे त्याला ठाऊक होतं. वाटी आपली आपण विसळायची हेही ठाऊक होतं, अन् ठेवायची कुठं तेसुद्धा.

इंदू पाणी ओतत होती. विसळताना त्यानं वाटी उलटी केली अन् तसाच बसून राहिला. बुडाला बोट लावून. पाणी आपलं पडतंय. मग म्हणाला, "बाई, पाणी थांबवा."

रुमाल काढून पुसली. उन्हात धरली. बूड मला दाखवलं, कडेला झिलई नाही, तांबडी माती दिसते. ती वाटी कोनाड्यात कायम पालथीच असते, बूड वर. पण आमच्यातल्या कुणी बघितलं असेल तर शपथ. हात लावायचाच नाही तर बघणार कधी.

म्हणाला, "आजी, ही चीनची. जहाजातून आलेली. चार-पाचशे वर्षांची तरी असेल. अख्खी देवडी पालथी घातली हिच्यासाठी, अन् मिळाली ती चहा भरून." मग म्हणाला, नवाबांच्या घरात जेवण असल्या भांड्यात वाढायचे. विष घातलेलं असलं तर भांडं तडकतं असा त्यांचा समज.

पुन्हा उन्हात धरली. "तडकली नाही. म्हणजे चहात काही नव्हतं." हसला. मी पण हसले, मला हसायची खोडच आहे. इंदू हसली नाही.

पुढचं उद्या.

११ जाने.
इंदू म्हणते, दर वेळी हिरवी वाटी लिहून हात दुखतो, यापुढं हि.वा. लिहीन. लिही.

तर. म्युझियमात वस्तूखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी लावतात. ती भरायला तो बसला. कुणी दिली? देवडीतल्या बीसाहेबांनी. कधी? त्या गाव सोडून गेल्या तेव्हा. मग, "वापर कशासाठी करायचात?"

मी म्हटलं, "पाहुण्यांसाठी. खास पाहुणे आले की काढायची."

त्यानं कोनाड्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग लिहिलं अन् वाचून दाखवलं, "खास पाहुण्यांसाठी. बरोबर?"

"बरोबर."

त्याच्या पायाशी ओला दगड. तोंडावर खोटं बोलले त्याच्या, अन् त्यानं माझं खोटं चांगल्या अक्षरात लिहून घेतलं. तो रागावला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

बापूची सही लागते म्हणून हि.वा. नेली नाही. संक्रांतीनंतर पेंढ्याची पेटी घेऊन येतो म्हणाला.

बापू जिंतूरहून आला. ऐकून फुगला. चिठ्ठीवर तुझ्या आजोबांचं नाव येणार, अमुक अमुक पाटील यांच्या घरून. लगेच हि.वा. उचलून आत आणली, देवघराशेजारच्या कपाटात ठेवली. मी म्हटलं, "अरे, विटाळ?" म्हणाला, "आई, ती आता सरकारी हाय."

म्हणजे बघ. लोणच्याची चिनी बरणी पहिल्यापासून आत, तिला विटाळ नाही. वाटी बाहेर, तिला विटाळ. अन् साहेबानं चांगलं म्हटलं की वाटीचा विटाळ गेला. ज्यानं म्हटलं त्याचा तेवढा राहिला.

१२ जाने.
बीसाहेबांची आठवण येते. गाव सोडताना मला बोलावलं. मी दारातच उभी. हि.वा. माझ्या हातात ठेवली अन् म्हणाल्या, "बाई, बच्चों को इसमें दूध पिलाव. जहर नई लगता." तुझं नाव घेऊन म्हणाल्या, तू तेव्हा लहान होतास. मला वाटलं, बोलायची रीत आहे ती. घरी आणली अन् घरात कुठं ठेवायची म्हणून कोनाड्यात टाकली. त्याआधी तिथं करवंटी असायची. मला तर वाटलं होतं सुधारणा केली.

तुझ्यासाठी दिलेली होती रे ती.

इंदूनं इथं लिहायचं थांबवलं होतं. लिही म्हटलं, लिही.

१४ जाने. संक्रांत
बायका हळदीकुंकवाला आल्या त्या वाण सोडून हि.वा. बघत बसल्या. हातात घेऊन फिरवली, गालाला लावली. सरू म्हणाली, "कित्ती गार लागते." कुणी विचारलं नाही कशासाठी होती. सगळ्यांना ठाऊक. सगळ्यांच्या दारात एक एक कोनाडा आहेच.

सकाळचं राहिलं. सखाराम तूर झोडायला आला होता, आपल्या वस्तीतला, तुला खांद्यावर घेऊन फिरायचा तो. चहाच्या वेळी त्याचा हात कोनाड्यात गेला. रिकामा.
"पाटलीनबाई, वाटी कुटं हाय?"
"औरंगाबादेला चालली. काचेच्या कपाटात बसणार."
"आन् आमाला इचारलं न्हाई?" खालच्या मानेनं हसत होता. "वाटी तर आमचीच की. तुमी कवा प्याले तिच्यात?"

मी सूप ओढून तूर पाखडायला लागले. 

इंदूनं त्याला घरातल्या कपात चहा दिला. मी बघितलं. नको म्हटलं नाही. दे असंही म्हटलं नाही, नाहीतर तू माझं कौतुक करशील. पिऊन झाल्यावर त्यानं कप विसळला अन् कोनाड्यात ठेवून दिला.

१५ जाने.
कप अजून कोनाड्यातच. मी उचलला नाही. इंदूनंही नाही.
गुडघा दुखतो. बाकी काही नाही.

१६ जाने.
आला, पेटी घेऊन. मी पहाटेच ठरवलं होतं, त्याला आत बसवायचं. पितळी ताट घासून ठेवलं, पुरणाची पोळी केली, पाट मांडला. बापूला म्हटलं नव्हतं, तो खळ्यावर होता.

म्हटलं, "साहेब, आत या. जेवून जा."
"आजी, मी जेवून निघालोय."
"मग चहा घ्या."
"चहा सोडला." कधी सोडला, मागच्या आठवड्यात तर प्यायला. इंदू म्हणते, मागच्या आठवड्यातच सोडला असेल.
तिळगूळ दिला. घेतला, खिशात ठेवला. कोरडं तर आम्हीही कुणाकडचं घेतो, त्याला विटाळ नसतो.

राग नव्हता बघ तोंडावर. चांगलं बोलत होता. पण सतरंजीवर सुद्धा बसला नाही, उभ्यानंच पेंढा भरायलाय. मला वाटलं, मांडलेला पाट त्याला दिसू नये. इंदूला म्हटलं, दार लोटून घे.

तो हि.वा. पेंढ्यात ठेवत होता तेव्हा मी बोलले. "ती चिठ्ठी खोटी हाय."
"माहिती आहे, आजी."
"मग लिहिली कामून?"
"तुम्ही सांगितलं ते लिहिलं. आमचं काम तसंच असतं."
"मग आता खरं लिही." तोंडातून 'लिही'च आलं, मुलाला म्हणावं तसं. त्यानं मान वर केली.
"सांगा."

सांगितलं. कोनाडा, लिंबाखालचा दगड, वरून पाणी. त्यानं वही काढली नाही, नुसतं ऐकलं. कशाचं नवल नव्हतं त्याला. त्याच्या आईनंही असल्याच वाट्या विसळल्या असतील. मग म्हणाला, "हे लिहीन. पण खाली तुमच्या घराचं नाव येईल. लोक वाचतील. तुमचा नातू तिथंच शिकतो म्हणता. नाव काढू का?"

नाव काढलं तर काय राहिलं? कुणाच्या तरी घरची कुठली तरी वाटी. अन् नाव ठेवलं तर बापू? तू?

तेवढ्यात बापू आलाच. "आई, काय चाललंय? म्हाताऱ्या माणसाचं लिहू नका साहेब, ती काहीही बोलते." सही केली. साहेब माझ्याकडंच बघत होता. म्हणाला, "वापराची ओळ खोडतो, सध्या कोरी ठेवतो. आजींनी नातवाकरवी निरोप पाठवावा. मग भरीन."

जाताना पायरीपाशी थांबला. कोनाड्यातला कप बघितला असावा. 

पोळ्या कुणी खाल्ल्या नाहीत.

१९ जाने.
बापू म्हणतो, खास पाहुणेच राहू दे, त्यात खोटं काय, सखाराम काय पाहुणा नाही? बघ कसा शहाणा झालाय. इंदू म्हणते, नावासकट खरं लिहायचं. ती कधी नाही ती माझ्याशी भांडली. मी म्हटलं, तुझ्याच हातानं पाणी ओतलंस की. म्हणाली, "म्हणूनच." 

मला काय वाटतं? मला वाटतं लिहावं. दुपारी वाटतं. दिवेलागणीला तुझे मित्र त्या कपाटापुढं उभे दिसतात, वाचतायत, अन् तू मागं उभा. मग वाटतं, राहू दे कोरी.

२२ जाने.
वसंता, वही बापूच्या हातानं पाठवते, तो कामाला येतोय तिकडं. वाचली नाहीये त्यानं. सुट्टीपर्यंत थांबलास तर तू विसरशील अन् मी मरेन.

म्युझियमात जा. हि.वा. बघ. बघून आल्यावर तू सांग, त्या ओळीत काय घालायचं. नाव तुझंही आहे, अन् वाटी तर तुझीच होती. मी सांगितलं असतं, पण माझ्याच्यानं दोन्हीकडचं बोलणं व्हायलंय. नुसती लाज वाटून काय उपयोग, ती तर मला आता चहा पितानाही वाटते.

अन् कांबळे साहेबांना भेट. नमस्कार कर, वाकून. त्यांची आई त्यांच्यापाशीच असते म्हणाले होते. म्हणावं, आजीनं जेवण मागितलंय तुमच्या घरचं. मागायला तोंड नाही, तरी मागितलंय. लाडू-चिवडा नको, चुलीवर पाणी घालून शिजवलेलं हवं. ज्वारीची भाकरी अन् झुणका, सकाळच्या मोटारीनं पाठव, संध्याकाळपर्यंत टिकतं. नाही म्हणाले तर आग्रह करू नको.

दिलंच, तर फडक्यात बांधून दे म्हणावं, डबा नको. डबा विसळून ठेवायचा कुठं, ते अजून माझं ठरत नाही.