हॅल्वरसनांचा केक

प्रिय बाबा,

सिएटलहून तुमच्या मार्गिटचा गोड पापा. मी मजेत आहे, वेळेवर जेवतेही.

फोनवर तुम्ही टोमणा मारलात, "एवढी हुशार माणसं, आणि गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत एकच? बाकीचे झोपलेत की काय?" झोपलेले नाहीत हो! नवे सिद्धांत सारखे येतात. पण पडणारं सफरचंद, फिरणारा चंद्र, सूर्याजवळून वाकणारा प्रकाश, हे सगळं एकाच हिशेबात बसावं लागतं. एवढं जमलं तरी पुढे सिद्धांताचं भाकीत खरं की खोटं ते मोजून दाखवणारा, आमच्या प्रयोगशाळेतला बारीक तारेला टांगलेला लंबक असतोच. तो काही कुणाची भीड ठेवत नाही.

परवा आमच्या विद्यापीठातल्या म्हाताऱ्या प्राध्यापक हॅल्वरसनांचा सिद्धांत त्याच्यापुढे पडला. अर्धं आयुष्य घातलं होतं त्यांनी त्यात. आमच्याकडे रीत आहे, ज्याचा सिद्धांत पडेल त्यानंच केक आणायचा. त्यांनी गाजराचा आणला, स्वतः भाजलेला. पहिला तुकडा माझ्याच हातात ठेवत म्हणाले, "नीट मोजलंस, पोरी."

त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही. तरी "तपासून बघा" म्हणत ते आपणहून आले होते.

बाबा, जिना चढताना अजून दम लागतो का? डॉक्टरांनी सांगितलेली छातीची तपासणी तुम्ही "बर्फ वितळू दे" म्हणून पुढे ढकललीत. आता तुमच्या डुलुथमध्ये बर्फ राहिलाय कुठे?

शुक्रवारी मी घरी येतेय. तपासणीला दोघं जाऊ. निकाल काहीही लागो, केक मी आणीन.

तुमचीच,
मार्गिट