जेनी म्हणजे यान्त्ये

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार
वीर्स्मा घराण्याचा इतिहास मीच लिहायचा, हे आज पक्कं केलं. जुलैच्या कुटुंब-मेळाव्यात छापील पुस्तक प्रत्येकाच्या हातात देणार. दुसरं कोण लिहिणार? बाकीच्यांना आपल्या पणजोबांचं नावसुद्धा धड माहीत नाही. आपली माणसं हॉलंडमधल्या फ्रीसलंडहून मिशिगनला आली आणि बोटीतून उतरल्या उतरल्या नावं टाकून मोकळी झाली. रूलोफचा राल्फ, डिर्कचा डिक, त्रैन्त्येची टीना. त्यामुळे आधी तक्ता करायचा. डावीकडे इंग्रजी नाव, उजवीकडे खरं डच. एकदा तक्ता झाला की कुणाला काही विचारत बसायला नको. मी स्वतः हार्वी, म्हणजे हार्म.
बायको, लोइस, म्हणाली, तळघरात पाणी झिरपतंय, ते आधी बघ. बघणार.
संकल्प: रोज सकाळी संशोधन. कॉफी एकच कप.

८ फेब्रुवारी, रविवार
उपासना संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये तक्ता वापरून पाहिला. न्हाव्याला सांगितलं, तू डिक नाहीस, डिर्क आहेस. तो म्हणाला, बरं. पाळकीणबाईंना सांगितलं, ग्रेस म्हणजे ग्रीत्ये. त्या म्हणाल्या, माझे आईवडील आयरिश होते. माणसांना आपल्या मुळांची अशी लाज वाटते.
कॉफी तीन कप. थंडी फार होती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
जेनीला भेटलो. मोठी बहीण, शहात्तर वर्षांची. नवरा टेड गेल्यापासून वृद्धाश्रमात असते. मूलबाळ नाही, म्हणून तिच्या कागदांवर सही माझी. गेलो तेव्हा रुकचा डाव रंगला होता. राजाराणी नसलेले हे पत्ते, त्यामुळे चर्चलाही चालतात. नेहमीप्रमाणे जिंकत होती.
मी आनंदाची बातमी दिली, की तुझं खरं नाव यान्त्ये. आपल्यात पहिल्या मुलीला आजीचं नाव देतात. आजोबांच्या शेजारच्या दगडावर मी स्वतः वाचलंय: यान्त्ये. आणि तक्त्यातही जेनी म्हणजे यान्त्येच.
ती म्हणाली, अरे हार्वी, मी येल्त्ये. यान्त्ये बाबांची सावत्र आई. मी म्हटलं, तक्त्यात तसं नाही. ती म्हणाली, मग त्या तक्त्यालाच भेटायला जात जा, मला खेळू दे.
सगळ्या म्हाताऱ्या हसल्या. बिचारी. वय झालं.

५ मार्च, गुरुवार
शास्त्रीय प्रयोग. जेनी खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालत होती. मी मागून हाक मारली, यान्त्ये. वळली नाही. परत मारली. नाही. जेनी म्हटल्यावर लगेच वळली, काय रे, कधी आलास? नोंद केली.
घरी सांगितलं तर लोइस म्हणाली, तिनं कशाला वळावं? मला उद्या कुणी मॅग्डलीना म्हटलं तर मीही वळणार नाही. लोइसला संशोधनाची दृष्टी नाही. लग्नापासूनच नाही.

२६ मार्च, गुरुवार
जड मनानं कर्तव्य केलं. नर्स कॉनीला बाजूला घेऊन सांगितलं, की माझ्या बहिणीला स्वतःचं नाव आठवत नाही, आणि उलट एक येल्त्ये नावाची बाई तिनं मनानं उभी केली आहे. कॉनी म्हणाली, पण त्या तर मलाच औषधांच्या वेळा सांगतात. मी म्हटलं, सुरुवातीला असंच असतं. कॉनी डॉक्टरांशी बोलणार आहे.
तळघर पुढच्या आठवड्यात.

७ एप्रिल, मंगळवार
डॉक्टरांनी जेनीची परीक्षा घेतली, मी हजर होतो. तारीख बरोबर. राष्ट्राध्यक्षांचं नाव बरोबर, शिवाय त्यांच्याबद्दल एक मत दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शंभरपासून उलटं मोजणं माझ्यापेक्षा जलद. मग जन्माच्या वेळचं नाव विचारलं. येल्त्ये. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुःखानं मान हलवली. पुन्हा विचारलं. पुन्हा येल्त्ये. तिसऱ्या वेळी तिनं टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाली, माझं नाव मला सांगणारा हा कोण? माझ्यानंतर सहा वर्षांनी जन्मलाय हा.
डॉक्टरांनी चिडचिडेपणाही लिहून घेतला. मी सही केली. सही नेहमीपेक्षा ठसठशीत आली, याचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

१२ एप्रिल, ईस्टर
हॅम, बटाटे, लोइसचं मौन. तिसरा दिवस. त्यामुळे लिखाण छान झालं.

२१ एप्रिल, मंगळवार
जेनीला खालच्या मजल्यावर विस्मरणाच्या विभागात हलवलं. दाराला आकड्यांचं कुलूप आहे, म्हणजे काळजी नाही. विणायच्या सुया काढून घेतल्या, तिथला नियमच आहे. रुक खेळायला कुणी नाही. तिथल्या बायकांच्या हातात पत्ते दिले तर त्या चघळतात. जिरेनियम जुन्या खोलीतच राहिलं. इथल्या खिडकीतून स्वयंपाकघराची भिंत दिसते.
दारावर लावायला मी पाटी करून नेली होती. यान्त्ये, वळणदार अक्षरात. जेनीनं पाटी वाचली आणि माझी बाही धरली. म्हणाली, हार्वी, तुला माझ्याकडून काय हवंय ते सांग, मी म्हणते. मी म्हटलं, मला फक्त सत्य हवं आहे. ती म्हणाली, सत्य तर मी सांगितलं.
बाही सोडवायला कॉनीला बोलवावं लागलं. आजचा प्रसंग प्रस्तावनेत घ्यावा का, विचार करणार.

१० मे, रविवार
प्रगती. कॉनी सांगत होती, हल्ली रोज सकाळी नाव विचारलं की यान्त्ये असंच म्हणतात. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा लगेच विचारलं, आता मला वर माझ्या खोलीत नेणार ना? नेलं नाही, तरी म्हणत राहिल्या. माझी पद्धत लागू पडली. घरी येऊन जेनीचं प्रकरण पूर्ण केलं.

२५ जून, गुरुवार
पुस्तकं छापून आली. मुखपृष्ठावर माझं नाव जरा लहान झालंय. जेनीकडे जायला वेळ झाला नाही. मेळावा झाल्यावर सावकाश जाणार.

१८ जुलै, शनिवार
मेळावा. शांतपणे लिहितो.
पार्कमध्ये सगळे जमले होते. हॅम-बन, जेली, कॉफी. मी उभा राहून वाचायला लागलो: माझी भगिनी यान्त्ये, आजीच्या नावाची वारसदार. तेवढ्यात फेना आत्यानं काठी आपटली. आत्या बाबांची धाकटी बहीण, नव्वदीची, ग्रँड रॅपिड्सहून खास आली होती. म्हणाली, कोण यान्त्ये? मी म्हटलं, जेनी. ती म्हणाली, जेनी येल्त्ये आहे. तुझ्या बाबांची आई येल्त्ये, ते चार वर्षांचे असताना गेली. यान्त्ये माझी आई, दुसरेपणाची. तिनं तुझ्या बापाला हिवाळ्यात गोठ्यात झोपवलं होतं. माझी सख्खी आई, पण खरं ते खरं. त्यानं गाईला तिचं नाव दिलं नसतं, पोरीला कुठून देणार?
मी म्हटलं, तक्त्यात जेनी म्हणजे. ती म्हणाली, जेनी म्हणजे यान्त्ये, यान्नेत्ये, येल्त्ये, काहीही. अमेरिकन शाळेत ज्या मास्तरला जे उच्चारता आलं ते. मग इकडे तिकडे पाहून विचारलं, पण आहे कुठे ती?
लोइस उठली आणि गाडीत जाऊन बसली.

१९ जुलै, रविवार
विश्रांतीचा वार, म्हणून कुठे गेलो नाही. उकाडाही होता. सगळा दोष तीन नावांचं एक करणाऱ्या त्या मास्तरांचा आहे. पुस्तकात शुद्धिपत्र घालणार. उद्या डॉक्टरांना फोन करून जेनीला वर आणणार. एका दिवसाचं काम आहे.

२० जुलै, सोमवार
डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नावाचं सोडा, गेल्या आठवड्यात त्यांना महिना सांगता आला नाही, आणि मोजायला सांगितलं तर रडल्या. इथे आल्यापासून भराभर खालावल्या आहेत. आता वर ठेवता येणार नाही. जुनी खोलीही दुसऱ्या कुणाला दिली आहे.
तरी गेलो. भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी गुडघ्यावर बसून म्हटलं, जेनी, तू येल्त्ये आहेस. तुझंच बरोबर होतं. तिनं घाईघाईनं कॉनीकडे पाहिलं आणि म्हणाली, नाही नाही, यान्त्ये. मी रोज बरोबर सांगते. विचारा त्यांना.
मी पुन्हा म्हटलं, येल्त्ये. ती मागे सरकली.
कॉनीनं तिला विचारलं, हे कोण ओळखलंत का? जेनीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अगदी अदबीनं म्हणाली, हे नावं लिहून घ्यायला येतात.
कॉनी म्हणाली, भाऊ आहेत तुमचे. जेनी म्हणाली, असतील. आणि मला विचारलं, साहेब, आज बरोबर सांगितलं ना मी?
मी हो म्हणालो.