दवाखान्याच्या कपाटाची चावी

ता. ४ जुलै १९५५
आजपासून गावच्या दवाखाना समितीचा अध्यक्ष मी. हेडमास्तरकी संपल्यावर गावाला माझी आठवण झाली, हे योग्यच झाले. सकाळी दवाखाना पाहिला. शिसारी आली. कंपाउंडर लोटन वांग्यांची टोपली टेबलाखाली सारत होता. विचारले तर म्हणतो, पेशंटने आपखुशीने दिली. आपखुशीने! लाचखाऊ मेला. निश्चय : महिन्याभरात ही घाण साफ करणार.

ता. ७ जुलै
समितीची सभा. औषधांच्या कपाटाला नवे पितळी कुलूप, चावी अध्यक्षांकडे. डॉक्टरांनी कुरकुर केली, लोक काय तुमच्या सोयीने आजारी पडतात का म्हणून. देवपुरातले शहरी गृहस्थ, जरा जास्तच बोलतात. मी म्हटले, रोज सकाळी आठ ते नऊ मी स्वतः कपाट उघडून बसेन. ठराव एकमताने पास. उपाध्यक्ष रुपचंदभाऊ त्या वेळी झोपले होते. त्यांचे मत बाजूने धरले.

ता. १५ जुलै
दाढी, पूजा, पेपर. पोचायला साडेनऊ. बाहेर पंधरा-वीस माणसे कण्हत बसलेली. शिस्त अशीच लागते.
येताना टॉनिकची एक बाटली घरी आणली. माल अस्सल आहे की नाही, हे कोणीतरी पाहायला नको? सौ. म्हणाली, बरे वाटते. एका बाटलीवरून नक्की सांगता येणार नाही. आणखी दोन तपासाव्या लागतील.

ता. २ ऑगस्ट
व्याह्यांना मानेवर गळू. पेनिसिलीन दिले. लोटनने सर्वांसमक्ष विचारले, नाना, रांगेतल्या माणसाचे काय? रांगेतला माणूस कोण आणि व्याही कोण, एवढेही ज्याला कळत नाही तो सरकारी औषधे वाटतो! याला वशिला म्हणत नाहीत. लोटनच्या मनातच मळ, त्याला सगळीकडे तोच दिसतो.

ता. १६ ऑगस्ट
जळगावहून व्याख्यानाचे निमंत्रण. विषय, ‘सार्वजनिक जीवनातील शुचिता’. योग्य माणूस शोधला. आजच निघालो. लोटन स्टँडपर्यंत मागे आला, चावी ठेवून जा म्हणून. मी नुसता हसलो. चावी कोटाच्या आतल्या खिशात.

ता. १८ ऑगस्ट, जळगाव
व्याख्यान उत्तम. श्रोते सतरा. त्यांतले काही पावसामुळे आत आले होते, पण थांबले. भाषणाच्या भरात चावी काढून सभेला दाखवली. टाळ्या. नारळ आणि हातरुमाल मिळाला. रुमाल सुती आहे.

ता. २० ऑगस्ट
घरी आलो तो ही बातमी. लोटनने कपाट फोडले! पहारीने! सरकारी कपाट!
परवा दुपारी आमच्याकडे मजुरीला येणाऱ्या ताईबाईला साप चावला म्हणे. पेशंट हजर, डॉक्टर हजर, सापाचे इंजेक्शन कपाटात हजर. मला निरोप पाठवायचा सोडून या माणसाने कुलूप तोडले. डॉक्टर उभे राहून पाहत होते, एवढेच नव्हे तर घाई कर म्हणत होते. बाई वाचली. वाचली ते चांगलेच झाले, पण कुलुपाचे काय? शिवाय चावला तोही आमच्याच कपाशीत, निंदणी चालू असताना. शेताचे नाव उगाच गावभर झाले. किळस आली या लोकांची.
लोटनला नोकरीवरून काढण्याचा ठराव लिहून ठेवला. अकरा कलमे.

ता. २५ ऑगस्ट
सभा. चौथ्या कलमावर असताना ताईबाई नवऱ्याचा, झुलालचा, हात धरून दारात आली. पाय अजून सुजलेला. तिने एवढेच विचारले, “नाना, माले साप चावना तवय चावी कोठे व्हती?” मी सांगितले, कोटाच्या खिशात, अगदी सुरक्षित. कोणीतरी फिसकन हसले. सभेला पोच नाही.
लोटनचा ठराव तहकूब. नवे कुलूप आणायचे, चावी पुन्हा माझ्याकडेच. रुपचंदभाऊ म्हणाले, जाऊ द्या, नानांना दुखवायला नको. बाकीचे मान खाली घालून हो म्हणाले. एकूण विजय माझाच. मग झोप का येत नाही, कळत नाही. टॉनिक संपले आहे.

ता. ३ सप्टेंबर
कपाशीत तण गुडघ्याएवढे. सकाळी शेतावर गेलो तर बारा बाया बांधावर बसून. आत उतरेनात. ताईबाई पुढे झाली. “नाना, आज गावमाच शेतस ना?” म्हटले, हो, आज गावातच आहे. मग म्हणाली, तर येथेच बसा, आमच्या नजरेसमोर. मगच निंदू.
बसलो. ऊन. एकदा पाणी प्यायला उठलो. “नाना, कोठे चालनात?” बाराही खुरप्या खाली. पुन्हा बसलो. जेवायला उठलो, पुन्हा तेच, आणि या वेळी बाया बांधावरच येऊन बसल्या. घरचा गडी पुना हे सगळे पाहत होता. तोंड फिरवून हसला असणार. भूक, घाम, मुंग्या. एवढा अपमान जन्मात झाला नव्हता.
तीनच्या सुमारास चावी काढली आणि पुनाबरोबर लोटनकडे पाठवून दिली. पुना दवाखान्यात शिरलेला बांधावरून दिसला, तशा बाया उठल्या आणि गाणे म्हणत आत उतरल्या.
मी उठून घरी आलो. कुठे चाललो, हे कोणीच विचारले नाही.