तांबडा आणि गेमचा डबा

६ ऑक्टो., सोम.
वांग्यात तीन तास किडके शेंडे खुडले. अळी आहेच. जेवायच्या वेळी कडुलिंबाखाली बसून तांबडा उघडला, म्हणजे फोनातला लाल गोलाचा ब्राउझर. नेटवर्कची एकच काडी, तीही येती-जाती, तरी शेतीच्या प्रश्नोत्तरांचं 'वाफा' अख्खं उघडलं. दुसरे ब्राउझर नुसते गोल गोल फिरत बसतात. तांबडा जाहिराती, फोटो, हलणारी चित्रं उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि वाचायचं तेवढं आत आणतो. २ दाबला की वर, ८ दाबला की खाली. बटणांकडे बघायचीही गरज नाही, अंगठ्याला पाठ आहे. 'बाई'ला चार प्रश्न आलेत. दोघांना उत्तर दिलं. तेवढ्यात हे आले, फोन पदराखाली.

८ ऑक्टो., बुध.
यांना सांगितलं, खुडलेले शेंडे बांधावर टाकू नका, अळी तिथूनच परत झाडावर येते.
"तुले काय समजते त्यातलं? बापजाद्यापासून बांधावरच टाकून राह्यलो."
चार वर्षं झाली, हेच लोकांना लिहून सांगते. लोक आभार मानतात. घरात मात्र बापजादे.

११ ऑक्टो., शनि.
आज हसू दाबता दाबता पोट दुखलं. हे चहाच्या टपरीवरून आले ते घाईतच. खताच्या तीन रिकाम्या पिशव्या शोधल्या.
म्हटलं, काय झालं?
"नेटवर एक बाई हाय. वाफा म्हणून काहीतरी हाय, तिथं लिहिते. लय हुशार. ती म्हणते शेंडे पिशवीत भरायचे अन् वावराभाईर नेऊन जाळायचे. बांधावर नाई टाकायचे."
"हो का."
"मंग. शिकेल बाई दिसते."
मनात म्हटलं, सातवी शिकलेली आहे ती बाई, आणि तुमच्या भाकरी थापते. वाफ्यावर पहिल्या दिवशी नाव विचारलं तेव्हा काय लिहावं सुचेना, म्हणून 'एक बाई' लिहिलं होतं. आता सगळे तेवढंच म्हणतात, बाईला विचारा. वाफा चालवणारे गुरुजीसुद्धा.

यांना सांगावं असं क्षणभर वाटलं. पण सांगितलं तर उद्यापासून हे बाईचंही ऐकायचे नाहीत. वांगी जातील ती वेगळीच. त्यापेक्षा गप्प बरी.

१५ ऑक्टो., बुध.
फोनचं मधलं बटण गेलं. बाकी सगळी बटणं धड, पण मधलं नाही म्हणजे तांबडा नुसता बाहेरून दिसतो, उघडत नाही. मोताळ्याला नेला. दुकानदार म्हणे, "काकू, याचा पार्ट आता भेटत नाही. टच घेऊन टाका."
जसं काही टच घ्यायचाच म्हणून मी इतकी वर्षं थांबले होते.

१७ ऑक्टो., शुक्र.
दोन दिवस वाफा नाही. करमत नाही, हे लिहायला लाज कशाची.
तांबडा पहिल्यांदा फोनात आला तो दिवस आठवत होता. मराठी उघडलं की नुसते चौकोन, रिकाम्या डब्यांची रांग. मग रिचार्जवाल्या पोरीने कागदावर लिहून दिलं: पत्त्याच्या जागी हा शब्द टाका, जे पान उघडेल त्यात अगदी खाली जा, 'नो'चं 'येस' करा. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. चित्र पाहून काढावं तसं टाकलं, खाली गेले, नो चं येस केलं. आणि चौकोन गेले, मराठी आली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मी वाचतच होते. एवढ्याशा फोनात लिपीचा पत्ता नव्हता, पण तांबड्याने कुठून तरी अक्षरं चितारून आणली. त्या दिवसापासून त्याच्यावर जीव आहे.

१९ ऑक्टो., रवि.
प्रीती आली पुण्याहून. दिवाळीला मला तिचा जुना टच फोन. खूप समजावलं पोरीने. पण फोनला माझं बोट बोटच वाटत नाही. मिरची, भेंडी, कापूस खुडून शेंड्यांवर चामडं चढलंय. दहादा दाबावं तेव्हा एकदा लागतं, तेही भलत्याच जागी. मोताळ्याच्या दुकानदारालाच चुकून फोन लागला, तीनदा.
"आई, जोरात नको दाबू, नुसतं टेकव."
"टेकवून टेकवून बोट झिजलं बाप्पा."
यांची बोटं मात्र टचवर बरोबर चालतात. खुडणी कमी करतात ना.

२० ऑक्टो., सोम.
दिवे लावले. प्रीती ओट्यावर बसून हातातला गेमचा डबा खेळत होती. तळहाताएवढा, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. माणूस उड्या मारतो, पडतो, पुन्हा उठतो. मी गेम पाहत नव्हते, बटणं पाहत होते.
"हे दाबलं की लागते?"
"हाव, बटण हाय ना."
"याच्यात तांबडा येते का?"
प्रीती हसायला लागली. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबली.

२२ ऑक्टो., बुध., पाडवा
आला! डब्यात तांबडा आला. तोच लाल गोल. प्रीतीने तिच्या फोनचं वायफाय जोडलं, दोन मिनिटांत टाकून दिला. डावीकडच्या गोल दांडीने बाण फिरवायचा, उजवीकडचं बटण दाबलं की उघडतं. खांद्यावर आणखी दोन बटणं, पान वर, पान खाली. माझ्या २ आणि ८ ची जागा त्यांनी घेतली. अर्ध्या तासात अंगठ्यांना कळलं.
फोनपेक्षा पडदा मोठा. वाफ्याची चौकट मी आजवर एवढी रुंद पाहिलीच नव्हती. बाजूला गुरुजींनी बियाण्यांची यादी ठेवलीय, ती तिथे होती हेच मला माहीत नव्हतं. आणि इतका मोठा संसार मिळूनही तांबड्याची सवय तीच, तेवढंच आणतो, पटकन आणतो. अंगणात, गोठ्यात, कुठेही. बॅटरी दुपारपर्यंत धड राहते. एवढ्याने माणूस खूश होतो का? होतो.

हे म्हणाले, "या वयात गेम खेळून राह्यली का?"
प्रीती माझ्याकडे पाहते. मी म्हटलं, हाव, गेमच.

२४ ऑक्टो., शुक्र.
प्रीती गेली. डबा ठेवून गेली. "मले तिथं टाइमच नाही भेटत खेळाले. तू ठेव."
जाताना तिला सांगितलं की बाई म्हणजे मी. मग म्हणे, "मी पण तुलेच विचारलं होतं एकदा. माह्या कुंडीतल्या मिरचीचं."
तिला मी काय उत्तर दिलं होतं ते आठवेना. झाड जगलं म्हणे.

एक घोळ आहे. वाफ्यावर उत्तर द्यायचं तर आधी पासवर्ड मागतो. जुन्या फोनात तांबड्याने तो कधीचा लक्षात ठेवला होता, मला टाकायची वेळच येत नव्हती. चार वर्षांपूर्वी काय ठेवला असेल? जनावरांची नावं टाकून पाहिली, शेताचा गट नंबर टाकून पाहिला. नाही. आतलं सगळं वाचता येतं, बोलता येत नाही. बाईला आता सात प्रश्न.

३० ऑक्टो., गुरु.
नवं नाव घेतलं, 'एक बाई २'. लगेच एकाने लिहिलं, 'नकली बाईपासून सावध.' त्यावर आणखी तिघांचं हो. राग आला, मग हसूही आलं. माझी चोरी मीच केल्यासारखं.
एका एका अक्षरावर बाण नेऊन दाबायचा, एक ओळ लिहीपर्यंत भाजी शिजते. म्हणून आता जास्त बोलतच नाही. सुलतानपूरच्या एकाने विचारलं होतं की फुलकोबीचा गड्डा का उघडा पडतो. मी लिहिलं: पाणी सकाळी देता का संध्याकाळी?

५ नोव्हें., बुध.
गुरुजींनी आज सगळ्यांसमोर लिहिलं, 'ही बाई खरी आहे. आधी पाण्याचं विचारणारी दुसरी कोणी नाही.' आणि जुनं नाव परत दिलं. दोन-दोनदा वाचलं. मी कशी दिसते, कुठली, कोणाची, काही ठाऊक नसलेल्या माणसाने मला माझ्या प्रश्नावरून ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं, आलं तर आलं.

१२ नोव्हें., बुध.
नेटसाठी यांच्या फोनचं हॉटस्पॉट लागतं. रोज दुपारी मागावं लागतं.
"कितवी पायरी चढली गेमची?"
"बारावी."
बारावी म्हणजे काय ते मला कुठे माहीत. हे शेजारीपाजारी सांगत फिरतात, आमच्या घरची गेमात पडली. फिरू दे. सोयीचं आहे. वांगी यंदा छान, शेंडे जाळल्याचा फरक दिसतो. हे सगळीकडे सांगतात, बाईनं सांगतलं.

२० नोव्हें., गुरु.
जेवताना एकदम म्हणाले, "ती बाई बी तुह्यासारखीच. पह्यले पाण्याचंच विचारते."
म्हटलं, सगळ्या बायका विचारतात.
"हाव, तेही खरं."
आणि ताक मागितलं.

१ डिसें., सोम.
खालच्या एकरात यांना टरबूज लावायचं आहे. गावातल्या दहा जणांनी लावलं म्हणून. मी म्हटलं, मार्चात विहीर तळ दाखवते, गवार लावू, कमी पाण्यात येते.
"तुले काऊन प्रत्येक गोष्टीत नाई म्हणा लागते?"
भांडण झालं. मोठं नाही, पण लागलं. विहिरीवर बादली मी टाकते, पाणी किती खोल गेलं ते माझ्या हाताला कळतं. हे कोणाला सांगायचं. दुपारी गेमचा डबा उघडलाच नाही.

७ डिसें., रवि.
सहा दिवस फक्त कामापुरतं बोलणं. आज डबा घेतला. शेगावच्या एका लॉजवाल्या बाईने छतावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, कसा लावावा विचारलंय. तिला लांबलचक उत्तर दिलं, प्लास्टिकचे टब, मातीत शेणखत, ऊन किती, पाणी किती. अंगठे दुखले. मन हलकं झालं. तांबडा मधेच कधी अडकत नाही, लिहिलेलं उडत नाही, हे किती मोठं आहे ते अशा दिवशी कळतं.

९ डिसें., मंगळ.
दुपारचं जेवण झालं. बाजेच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. यांनीच हॉटस्पॉट लावून दिलं, मागायच्या आधी. मग स्वतःही फोनात डोकं घालून बराच वेळ एका बोटाने टाइप करत बसले. मला वाटलं नातेवाइकांना काहीतरी.

मी तांबडा उघडला. बाईला नवा प्रश्न. वर यांचं नाव, पुढे आमचं रोहिणखेड.

'बाई नमस्कार. खालच्या एकरात टरबूज लावायचा विचार आहे. घरची म्हणते विहीर पुरणार नाही, गवार लावा. मागं तिनं सांगितलं ते दोन-तीनदा बरोबर निघालं. ते मी तिला बोललो नाही. आता बोलायची सोय राहिली नाही, ती रुसून आहे. तुम्ही सांगा टरबूज की गवार. तुम्ही सांगाल तसं करतो.'

किती वेळ मी बाण कुठेच नेला नाही. पडदा काळा झाला, बटण दाबून पुन्हा उजळला. गवार, एवढं तीन अक्षरांचं उत्तर आहे. लिहिलं. खोडलं. गवार लिहिलं तर हे गवार लावतील, आणि उद्या पुन्हा बाईनं सांगतलं म्हणून गावभर फिरतील. घरच्या बाईला विचारा असं लिहिलं तर? लिहिलं. खोडलं. बाजेच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारली तरी ऐकू जाईल, आणि मी इथे एकेका अक्षरावर बाण नेत बसलेय.

हे दर मिनिटाला फोन पाहतात.
"आज बाई उत्तर नाई देऊन राह्यली."
मी मान वर केली नाही.
"तुह्या गेमनं सारं नेट खाल्लं वाटते. जरासा बंद कर ना वो. मंग येईन तिचं उत्तर."

बंद केला नाही अजून.