शेवटी येणाऱ्याचा हक्क

१९ ऑक्टोबर
आले एकदाची इनारीला, फिनलंडच्या पार उत्तरेला! हेलसिंकीत पोरांना रसायनशास्त्र शिकवून विटले होते. आता पाठीवर पिशवी आणि पुढे रान. घरमालकीण तैमी बडबडी, पण खोली उबदार. रानात कुऱ्हाडच न्यावी, असा तिचा हट्ट. मी घडीची करवत घेतली: वजन निम्मे, बोटे शाबूत. तैमी म्हणाली, "अहो बाई, उभ्या वाळलेल्या पाइनवर आधी कुऱ्हाडीची पाठ आपटायची. आतल्याला निघायला वेळ मिळतो. करवत काय, सांगून येते थोडीच?" आतला म्हणजे सुतारपक्षी का, विचारले. "पक्षी कसला! भेटला की विचारा त्यालाच," म्हणाली. खूप हसले.

२१ ऑक्टोबर
रानातल्या, कुणीही उतरावे अशा खुल्या झोपडीत पोचले. निजायला एक फळी, एक बाक, शेगडी. आधीचा माणूस सरपण न ठेवता गेलेला, निव्वळ असभ्यपणा. बाहेर उभे वाळलेले, सालीविना करडे पडलेले पाइन होते. त्यांतले तीन बारीक बघून कापले. करवत सरसर चालली. पुढच्यासाठीही ढीग रचला. राय धान्याची भाकरी, कॉफी. झोपडीचा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो: शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला. आधीचा विसावलेला असतो, त्याने जागा सोडायची.

२२ ऑक्टोबर
दुपारी एकजण आला. उंच, करडा, कातडी भेगाळलेली. कॉफी विचारली. सरळ फळीवर आडवा झाला. नियम आहे, मी बाकावर सरकले. तो चालला तिथे भुसा सांडला आहे. त्याला पावले नाहीत. पाय घोट्याशी सपाट कापलेले.

२३ ऑक्टोबर
आणखी एक. बाक गेला. मी जमिनीवर. शेगडीत लाकूड घातले की दोघे कण्हतात. विझू दिली. बाहेर बर्फ, गावची वाट बुजली.

२४
तिसरा. मी दाराशी. बोटे वळत नाहीत. चुकले म्हटले, विनवले. तिघांचे एकच — सरक गं जरा. सरक गं.

२५
मी बावळट नाही. बाहेर पडायचे, दार लावायचे, पुन्हा आत शिरायचे. म्हणजे शेवटी आलेली मीच. नियम तो नियम.

बाहेर आहे. आत हालचाल — सरकताहेत! जागा करताहेत —

मागे करकर. वळले. झोपडीसमोरचे रान कुठे गेले? एकही झाड —

उंच, करड्यांची रांग. माझ्या पाठीशी. शेवट दिसत नाही. अगदी कानाशी, अदबीने — आधी तू हो आत, बाई. आम्ही मागून —